चार बोटं पाणी

पाणी मोजण्याचं काम माझ्याकडे आलं ते माझ्याच खोडीमुळे. जहाजावर चढल्याच्या दुसऱ्या दिवशी कामवाटपाच्या फळ्यावर कुणीतरी ‘सुकाणु’ असं लिहिलेलं दिसलं, आणि माझ्याने राहवलं नाही. खडू घेतला आणि उकार दीर्घ केला. कप्तान मागेच उभा होता. त्या दिवसापासून मी सगळ्यांची मास्तरीण झाले.

आम्ही सोळाजण होतो, अठरा ते बावीस वयाचे, शिडांचं जहाज चालवायला शिकायला आलेलो. निम्म्यांनी त्याआधी साधी होडीसुद्धा वल्हवली नव्हती. शिकवायला कप्तान, खलाशांचा मुकादम तांडेल, दोन जुने खलाशी आणि आचारी. मेकॅनिकही होता, पण निघायच्या आदल्या दिवशी त्याचं अपेंडिक्सचं दुखणं उपटलं आणि त्याला इस्पितळात सोडून आम्ही निघालो. इंजिनाचं कप्तान बघणार होता. राहिली पिण्याच्या पाण्याची टाकी. ती रोज मेकॅनिकच मोजायचा.

“मास्तरीण, तू कर,” कप्तान म्हणाला. “रोज सकाळी सहाला. आकडा माझ्या टेबलावर.”

काम सोपं होतं. टाकी जहाजाच्या पोटात, या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेली. स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीला लागून एक नळी तिच्यात उतरत होती. नळीचं झाकण काढायचं, पितळी गजाला खडू फासून तो आत सोडायचा, वर काढायचा आणि खडू कुठवर भिजला ते बघायचं. गजावर रेघा होत्या, बोटाबोटाच्या अंतरावर. निघालो तेव्हा साठ बोटं पाणी होतं. रोज दोन बोटं उतरायचं. प्रवास अठरा दिवसांचा. अंगाला आणि कपड्यांना खारं पाणी, गोडं फक्त पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. म्हणजे काळजीचं काही कारण नव्हतं.

काळजी होती ती वर चढायची. शिडं ज्या आडव्या लाकडांना बांधलेली असतात त्यांना आम्ही आपसांत आडकाठी म्हणायचो. नाव अगदी चपखल होतं. पोटावर त्या लाकडाला रेलायचं, पाय खालच्या एका दोरावर ठेवायचे आणि दोन्ही हातांनी शीड गोळा करायचं. दोर एकच, त्यावर पाचसहाजण. एकाने पाय हलवला की बाकीचे सगळे झुलायचे. तिसऱ्या दिवशी मी तिथे थिजले. पुढेही जाता येईना, मागेही.

माझ्या शेजारी गुळ्या होता. त्याला गुळ्या म्हणायचे कारण त्याचा चेहरा सदा गुळगुळीत. बाकीच्या पोरांच्या गालांवर चौथ्याच दिवशी खुंट उगवले होते, हा मात्र रोज सकाळी लग्नाला निघाल्यासारखा. बाप न्हावी होता त्याचा. स्वतः फारसं बोलायचा नाही.

“खाली बघू नकोस,” तो म्हणाला. “समुद्राकडेही नको. माझ्या कानाकडे बघ. मोठा आहे, सापडेल.”

मला हसू आलं आणि पाय सुटले. त्यानंतर मी नेहमी त्याच्या शेजारची जागा धरायचे.

पाचव्या दिवशी वारा डावीकडून भरला. जहाज उजव्या कुशीवर कलंडून पळायला लागलं, आणि आम्हाला वाटलं, हेच ते, याच्यासाठी तर आलो. त्या सकाळी गज वर काढला तर पाणी चार बोटं उतरलेलं. मला वाटलं माझंच चुकलं. पुसून, पुन्हा खडू लावून सोडला. चारच. सहाव्या दिवशी पुन्हा चार.

कप्तानने आकडा बघितला आणि तांडेलला हाक मारली. तांडेल साठीचा, चेहरा वाळलेल्या लिंबासारखा. त्याने मला सोबत घेतलं आणि आम्ही जहाजाच्या तळाशी उतरलो. टाकी गळत असेल तर पाणी तिथे साचणार. तळाशी थोडं पाणी होतं खरं. तांडेलने बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकला.

“खारट. हे समुद्राचं. टाकी गळत नाही.”

“मग पाणी जातंय कुठे, काका?”

“पाण्याला पाय नसतात, पोरी,” तो म्हणाला. “माणसाला असतात.”

त्या दुपारी कप्तानने सगळ्यांना डेकवर जमवलं. पाणी निम्म्यावर येणार, प्रत्येकाला दिवसाला तीन मग, चहा धरून. टाकीच्या पंपाला कुलूप, किल्ली आचाऱ्याच्या गळ्यात. “कुणाला काही सांगायचं असेल तर माझं दार उघडं आहे,” एवढंच म्हणून तो आत गेला. त्याच्या दारात कुणी गेलं नाही, पण कुणी जातंय का यावर सोळाही जणांचं लक्ष होतं.

सातव्या दिवशी, कुलूप लावून, पाणी निम्मं करून, पुन्हा चार बोटं.

आता मात्र सगळ्यांची नजर बदलली. कुणाचे केस जास्त मऊ दिसतात, कुणाचे ओठ फुटलेले नाहीत, कोण जेवताना पाव कोरडा गिळू शकतो, सगळं टिपलं जायला लागलं. जिचे दोन मोजे दोरीवर वाळत होते तिला तिघांनी येऊन विचारलं, कशात धुतलेस. तिने एकाला मोजा चाटायला दिला. त्याने चाटला. खारट होता, तरी तो म्हणाला, “दुसरा?” आठवडाभरापूर्वी एकमेकांचे दोर धरणारे आम्ही आता एकमेकांना पाण्यात पाहत होतो, आणि तेही पाणी नसताना.

आचाऱ्यावर संशय गेला. त्याने सरळ किल्ली काढून टेबलावर टाकली आणि म्हणाला, “घ्या, तुम्हीच सांभाळा. उद्या सूपही तुम्हीच करा.” कुणी उचलली नाही.

मग ते माझ्याकडे वळलं. लंबू म्हणून एक होता आमच्यात, सहा फूट तीन इंच, मनात आलेलं ओठांवर यायला त्याला वेळ लागायचा नाही. जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, “एक गोष्ट सांगा. पाणी किती आहे हे कुणी बघितलंय?”

“मास्तरीण बघते की,” कुणीतरी म्हणालं.

“तेच म्हणतोय मी. मास्तरीण बघते. आणखी कुणी?”

मी मान खाली घालून सूप ढवळत राहिले. झाकण मी उघडते, गज माझ्याकडे, सकाळी सहाला तिथे मी एकटी. चोर कोण असावा हे ठरवायला बसलं तर माझ्यापेक्षा सोयीचं माणूस जहाजावर नव्हतं. मला ते त्यांच्याआधी कळलं होतं, म्हणून तर मी घाबरले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मोजायला गेले, चार बोटं उतरलेलीच होती. आता छत्तीस उरली होती आणि प्रवासाचे दहा दिवस. या हिशेबाने सतराव्या दिवशी टाकी कोरडी. गज पुसत होते तेवढ्यात नाकाडाकडून, म्हणजे जहाजाच्या टोकाकडून, गुळ्या येताना दिसला. खांद्यावर पंचा, हातात काहीतरी गुंडाळलेलं, आणि गाल नेहमीसारखे गुळगुळीत. मला बघून त्याने हातातली वस्तू पंच्याखाली सरकवली.

“लवकर उठलास,” मी म्हटलं.

“रोजच उठतो,” तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पहिल्याच आठवड्यात अंगाला खाज सुटून कळलं होतं. मग हा दाढी करतो कशात? विचार आला आणि माझा जीव एकदम हलका झाला. हे मला नीट आठवतं. राग नाही आला, वाईटही नाही वाटलं. हलकं वाटलं.

मी लंबूला गाठलं. आरोप नाही केला. फक्त म्हटलं, “गुळ्याची दाढी कशी काय होते रे रोज?” आणि निघून गेले. लंबूला काडी दाखवली की गंजी तो स्वतः शोधतो.

दुपारपर्यंत गुळ्याची बॅग जेवणाच्या टेबलावर उलटी झाली होती. कपडे, वस्तरा, साबणाची वडी, घरून आलेली दोन पत्रं आणि एक बाटली. बाटलीच्या तळाशी घोटभर तपकिरी पाणी.

“हे काय?” लंबूने विचारलं.

“चहा,” गुळ्या म्हणाला.

“चहा.”

“माझ्या वाटणीचा. मी पीत नाही, ठेवून देतो. सकाळी त्यात दाढी करतो. थंड चहाला फेस येतो थोडा.”

लंबूने बाटली हुंगली. “वास चहाचाच आहे,” तो म्हणाला. “पण चहाच्या बाटलीत चोरीचं पाणी भरलं तरी वास चहाचाच येणार.”

पाचसहाजणांनी माना डोलावल्या. पाणी टाकीतून रोज चार बोटं जात होतं, म्हणजे शेकडो लिटर. एका माणसाच्या गालांवर एवढं पाणी मावत नाही, हा साधा हिशेब तिथे कुणीच केला नाही. मी केला होता. पत्र्याच्या खांबाला टेकून उभ्या उभ्याच केला होता. गुळ्याने टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, माझ्याकडेही बघितलं, आणि मी माझ्या नखांकडे बघितलं.

कप्तानने लंबू आणि गुळ्या दोघांचं ऐकून घेतलं. “पुरावा नाही,” तो म्हणाला. पण संध्याकाळी वर चढायची पाळी आली तेव्हा गुळ्याच्या शेजारी, त्या एका दोरावर, उभं राहायला कुणी तयार होईना. तसं वर पाठवणं धोक्याचं. कप्तानने त्याला खाली ठेवलं, पितळ घासायला. आमच्यात सगळ्यात चांगला चढणारा तो होता. पायऱ्यांवर बसून तो घंटा घासत होता आणि मी वर आडकाठीवर त्याच्या जागेवरून पलीकडे सरकायला पाच मिनिटं लावली.

नवव्या दिवशी पहाटे वारा फिरला. सगळ्यांना उठवून कप्तानने जहाज वळवलं. शिडं एका बाजूची दुसरीकडे गेली आणि इतके दिवस उजव्या कुशीवर पळणारं जहाज डाव्या कुशीवर कलंडलं. तासभर दोर ओढून हात सोलपटले होते. तशीच मी सहाला टाकीपाशी गेले आणि गज सोडला.

पंचावन्न.

काल छत्तीस होतं. मी गज पुसला, खडू फासला, पुन्हा सोडला. पंचावन्न. तिसऱ्यांदा तेच. रिकामी होत चाललेली टाकी एका रात्रीत एकोणीस बोटं भरली होती, समुद्राच्या मधोमध, पाऊस नसताना.

मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. हा आकडा कप्तानच्या टेबलावर गेला की पहिला प्रश्न येणार, मग आधीचे आकडे कुठून आणलेस? मी आजूबाजूला बघितलं आणि कागदावर बत्तीस लिहिलं. रोजच्यासारखं, चार बोटं कमी.

दिवसभर मी तो आकडा पोटात घेऊन फिरले. निम्म्या मगवर सगळे ओठ चाटत होते आणि मला ठाऊक होतं की खाली पाणी आहे. तहान मलाही लागली होती, पण माझा मग मी भरलेलाच ठेवला.

संध्याकाळी तांडेल माझ्याजवळ येऊन बसला. दोराचं टोक विणत होता. “सकाळी तू गज तीनदा सोडलास,” तो म्हणाला.

“खडू नीट लागला नव्हता.”

“असं.” तो विणत राहिला. “चाळीस वर्षं पोरं बघतोय मी. खडू लागत नाही म्हणून कुणाचं तोंड असं पडत नाही.”

मग मी सांगितलं. पंचावन्न, बत्तीस, सगळं. तांडेलचे हात थांबले. तो माझ्याकडे न बघता डेककडे बघायला लागला, म्हणजे डेकच्या उताराकडे. मग उठला, पाण्याचा माझा मग उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर तिरपा धरला.

“डाव्या काठाला पाणी कुठवर आलं?”

“वरपर्यंत.”

त्याने मग दुसरीकडे कलता केला. “आता?”

आता डाव्या काठाला पाणी तळाशी होतं. मगातलं पाणी तेवढंच होतं. एक थेंब सांडला नव्हता.

“वारा रोज वाढत होता,” मी म्हटलं. “जहाज रोज जास्त कलत होतं.”

“चल,” तांडेल म्हणाला.

स्वयंपाकघराच्या उजव्या भिंतीपाशी दोरांची एक जाड गुंडाळी पडलेली असायची. तिच्यावर आम्ही बसायचो. त्याने ती पायाने सरकवली. खाली तसंच झाकण होतं, फळ्यांच्याच रंगाचं, पटकन डोळ्यात न भरणारं. त्याने चाकूच्या टोकाने ते उघडलं. इथे गज पस्तीसवर भिजला. पंचावन्न आणि पस्तीस, मधोमध पंचेचाळीस. रोजचा खर्च धरून असायला हवं होतं तेवढंच, अगदी बोटाचाही फरक नाही.

“मेकॅनिक रोज इथे वाकलेला दिसायचा,” तांडेल म्हणाला. “मला वाटायचं सिगारेटी लपवतो.”

कप्तानने ऐकलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. “माझ्या लक्षात यायला हवं होतं,” तो म्हणाला. “मी वाऱ्याकडे बघत होतो.” मग माझा बत्तीसचा कागद त्याने माझ्यासमोर सरकवला. “हा मात्र वाऱ्याने लिहिला नाही.”

“नाही, साहेब.”

“ते तू सांगायचंस. मी नाही.”

सगळे पुन्हा डेकवर जमले. कप्तानने मग तिरपा करून दाखवला, पाणी पूर्ववत होईल म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की आजचा आकडा मी खोटा लिहिला, घाबरून. मागून कुणीतरी पुटपुटलं, “कशावरून गुळ्यानेच परत ओतलं नसेल?” कप्तानने तिकडे नुसतं बघितलं आणि ते तिथेच विरलं. पंपाचं कुलूप निघालं. पण पहिला मग भरायला कुणीच पुढे होईना. शेवटी लंबू गेला, मग भरला, आणि तो घेऊन सरळ गुळ्यासमोर उभा राहिला.

“मी तुझी बॅग उलटी केली,” तो म्हणाला. “पत्रंही वाचली. दोन ओळी. मग लाज वाटली.”

“आईचं अक्षर वाचता आलं तुला?” गुळ्या म्हणाला. “मला येत नाही.” आणि त्याच्या हातातला मग घेतला.

मी त्याला दुसऱ्या दिवशी गाठलं. तो नाकाडाखाली ताणून बांधलेल्या जाळ्यात गुडघे आवळून बसला होता. मी म्हटलं, माझं चुकलं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुला खरंच वाटलं होतं, की पाणी मी चोरलं?”

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना वाटलं होतं, त्यात मलाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, लाटेकडे बघत थांबला.

“नाही,” मी म्हटलं. “ते माझ्यावर येत होतं.”

“लंबूला तू सांगितलंस?”

“हो.”

त्याने मान हलवली. “मलाही तसंच वाटलं होतं. टेबलापाशी तू एकटीच होतीस जिने बाटलीकडे बघितलं नाही.” आणि म्हणाला, “हे त्यांना सांगितलं नाहीस काल.”

“नाही.”

“सांग.”

सकाळच्या न्याहारीला मी सांगितलं. उभी राहिले, बोलले, बसले. बत्तीसचं ऐकताना चेहऱ्यांवर कीव होती. या वेळी ती नव्हती. चमचे थांबले आणि पुन्हा सुरू झाले. त्यानंतर पाणी मोजायला माझ्यासोबत कायम एकजण असायचा, आपणहून आलेला, काही न बोलता गजाकडे बघणारा. वर चढायच्या वेळी माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. बऱ्याचदा ती गुळ्याच भरायचा, कारण तो पुन्हा वर यायला लागला होता आणि त्याला जागेचं काही नव्हतं. माझा सुरक्षेचा पट्टा नीट अडकला आहे ना ते तो बघायचा, दोर सोड म्हणायचा, धर म्हणायचा. कामापुरतं सगळं. मी त्याच्या कानाकडे बघायचे. तो मला आता हसवायचा नाही.

अठराव्या दिवशी आम्ही बंदराला लागलो. धक्क्यावर मेकॅनिक उभा होता, इस्पितळातून सुटून गाडीने आलेला, पोटावर हात धरून, पाणी पुरलं का विचारत.

दुपारी सगळ्यांना गावात जायची सुट्टी मिळाली. गोड्या पाण्याची अंघोळ, मग जेवण, असा बेत ठरला होता. जहाजावर थांबायची पाळी माझी होती, मी मागूनच घेतली होती. कठड्यापाशी उभी राहून मी त्यांना धक्क्यावरून जाताना बघितलं. लंबू मध्ये होता, त्याच्या शेजारी गुळ्या. लंबू काहीतरी सांगत होता, हात हवेत नाचवत, आणि गुळ्या पोट धरून हसत होता. एका वळणावर लंबूने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि गुळ्याने तो राहू दिला.

बॅग लंबूने उलटी केली होती, पत्रं त्याने वाचली होती. पण लंबूला ते खरंच वाटलं होतं. मी शिडांचे दोर गुंडाळायला घेतले. अकरा दोर होते, एकटीने करायचे तर संध्याकाळ होणार होती.